आरसा गेला, कॅमेरा राहिला

कॅमेऱ्यात आरसा असतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना तो काढून टाकल्यावर कळले. हल्ली तरुण मंडळींत 'मिररलेस, मिररलेस' असा जो घोष चाललेला असतो, तो ह्या गेलेल्या आरशाचाच. लग्नकार्यात छायाचित्रकाराच्या गळ्यात जो जाडजूड काळा कॅमेरा लोंबकळताना आपण इतकी वर्षे पाहिला, त्याच्या पोटात भिंगाच्या मागे एक लहानसा आरसा तिरपा बसवलेला असे. भिंगातून आलेले दृश्य तो वर फेकी आणि वरच्या काचेच्या लोलकातून ते डोळ्यापर्यंत येई. बटण दाबले की आरसा खटकन वर उडे, प्रकाश फिल्मवर किंवा सेन्सरवर पडे आणि आरसा पुन्हा जागेवर येऊन बसे. तो 'खटॅक' आवाज झाला म्हणजे फोटो निघाला, अशी आपली समजूत.

२००८ साली पॅनासॉनिक कंपनीने जी-१ नावाचा कॅमेरा आणला. त्याची भिंगे बदलता येत, पण पोटात आरसा नव्हता. सेन्सरवर पडलेले दृश्यच डोळ्यासमोरच्या एका चिमुकल्या पडद्यावर दाखवायचे, अशी ती युक्ती. त्या वेळी जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली. पण दहा वर्षांनी, २०१८ साली, निकॉन आणि कॅनन ह्या दोन्ही जुन्या घराण्यांनी मोठ्या सेन्सरचे बिनआरशाचे कॅमेरे काढले, तेव्हा आरशाचे दिवस भरले हे सगळ्यांनाच कळून चुकले.

हे पुराण सांगण्याचे कारण माझा भाचा. तो इथेच, शहाडला, स्टेशनपलीकडे राहतो. त्याला यंदा बोनसच्या आणि साठवलेल्या पैशांतून असा एक कॅमेरा घ्यायचा आहे, आणि तोही साधासुधा नव्हे. फुजीफिल्मचा एक्स-टी ५. २०२२ च्या नोव्हेंबरात हा कॅमेरा जाहीर झाला, तेव्हा आपल्याकडे नुसत्या बॉडीची किंमत पावणेदोन लाखांच्या घरात होती. भिंगाचे पैसे वेगळे. पावणेदोन लाख म्हणजे मध्यमवर्गीय घरात घराच्या कर्जाचे काही हप्ते, किंवा मुलीची वर्षाची फी अधिक काही. सूनबाई हिशेबाला पक्क्या आहेत. त्या मला म्हणाल्या, "मामा, फोनमध्ये काय वाईट फोटो येतात? आणि ह्यांनी मागच्या वर्षी काढलेले सगळे फोटो अजून त्या काळ्या डबीत पडलेत. एकही कुणी पाहिलेला नाही." काळी डबी म्हणजे हार्ड डिस्क. ह्यावर भाच्यापाशी उत्तर नव्हते आणि खरे सांगायचे तर माझ्यापाशीही नव्हते. मी एवढेच सुचवले की विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आणावा. असे कॅमेरे आता भाड्याने मिळतात, आणि मोठी खरेदी करण्यापूर्वी ह्यापेक्षा स्वस्त शहाणपण मला तरी ठाऊक नाही.

कॅमेरा हातात घेतल्याबरोबर जाणवते ती त्याची बेतशीर बांधणी. बॅटरी आणि कार्ड घालून वजन ५५७ ग्रॅम. माथ्यावर तीन गोल चकत्या : डावीकडे आयएसओची, उजवीकडे शटरच्या वेगाची आणि तिच्या शेजारी प्रकाश कमीजास्त करण्याची. बहुतेक भिंगांवर छिद्र लहानमोठे करण्याचे कडे असते. म्हणजे कॅमेरा बंद असतानाही तो कसा लावलेला आहे, हे वरून बघूनच कळते. ज्यांनी एके काळी हाताने वेग आणि छिद्र जुळवून फोटो काढले, त्यांना इथे कुणाला काही विचारावे लागत नाही. ज्यांनी फोनच हाताळला, त्यांना आठवडाभर हे अवजड वाटेल. पण एकदा बोटांना सवय झाली की पडद्यावरच्या याद्या धुंडाळाव्या लागत नाहीत. हौशी माणसाला कॅमेरा आवडतो तो निम्मा बोटांनी, असे माझे फार दिवसांचे मत आहे.

फुजीचे मूळ घराणे फिल्मचे, १९३४ पासूनचे. शहाडकरांना फिल्म परकी वाटायचे कारण नाही. लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून रेशमासारखे सूत काढणारा सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आपल्या उशाशी आहे, आणि फिल्मची जी पारदर्शक पट्टी असे तीही पुष्कळ वर्षे सेल्युलोजच्याच कुळातली. चुलत नाते म्हणा ना! त्या फिल्मच्या दिवसांतली वेगवेगळी रंगसंगती कंपनीने ह्या कॅमेऱ्यात बसवली आहे. प्रोव्हिया, व्हेल्विया ही जुनी नावे तशीच ठेवली आहेत, आणि ॲक्रॉस नावाची कृष्णधवल छटा तर मला फार आवडली. फोटो कॅमेऱ्यातून बाहेर पडतो तोच तयार होऊन. घरी येऊन संगणकापुढे रात्र जागवायची गरज नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला हा लाभ लहान नाही.

कसोटीसाठी आम्ही अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. शहाड आणि अंबरनाथ ह्यांच्यामध्ये उल्हासनगर पसरलेले आहे. आगगाडीने जायचे तर उलटे कल्याणला येऊन कर्जतची गाडी धरावी लागते, म्हणून आम्ही रिक्षाच केली. वालधुनीच्या काठचे हे मंदिर शिलाहारांच्या काळातले; शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे. काळ्या दगडाच्या भिंतींवर मूर्तींची दाटी आहे, आणि ह्या मंदिराने आजवर कितीतरी हौशी छायाचित्रकारांचे गर्वहरण केले असेल.

त्याचे कारण असे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक बिचारा भोळा असतो. समोर काळा दगड आला की त्याला वाटते, प्रकाश कमी आहे. मग तो जास्त प्रकाश आत घेतो आणि काळा दगड राखेसारखा करडा करून टाकतो. मागचे आकाश तर पार धुऊन जाते. फिल्मच्या काळात ही गोष्ट कळायची ती छत्तीस फोटोंचा रोल धुऊन आल्यावर, म्हणजे आठवड्याने, घरी. आरशाच्या कॅमेऱ्यातही डोळ्याला दिसे ते खरे दृश्य. पुढे उमटणारा फोटो नव्हे. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात डोळा लावला की जो फोटो निघणार तोच आधी दिसतो. दगड करडा दिसला? उजवीकडची चकती उणे एकवर फिरवा. डोळ्यादेखत दगड पुन्हा काळा होतो, मूर्तीच्या नाकाकपाळावर प्रकाशाची रेघ उमटते, मागचे आकाश निळे होते, आणि मग बटण दाबायचे. भाच्याची दहा वर्षांची मुलगी बरोबर होती. तिला मी हे एकदाच सांगितले आणि पुढचा तास कॅमेरा तिच्याच हातात होता. प्रकाशाचा जो धडा मला समजायला दोन वर्षे आणि कितीतरी रोल लागले, तो तिला तीन मिनिटांत समजला. माझ्या मते आरसा गेल्याचा सर्वांत मोठा फायदा हा आहे, आणि जाहिरातीत त्याला शेवटची ओळही मिळत नाही.

दुसरी गोष्ट अंधाराची. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंत परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही. मंडपात उजेड जेमतेम. अशा वेळी ह्या कॅमेऱ्यातला सेन्सर आपल्या हाताच्या थरथरीच्या उलट दिशेने स्वतः हलतो आणि थरथर मारून टाकतो. कंपनी सात स्टॉपपर्यंतचा दावा करते. म्हणजे एकसाष्ठांश सेकंदाला हात स्थिर राहत असेल, तर कागदावर दोन सेकंदांपर्यंत मजल जायला हवी. कागद सोडा, पण खांबाला खांदा टेकून अर्ध्या सेकंदाला मंडपातला नक्षीदार खांब स्वच्छ आला. चार कोटी बिंदूंचा सेन्सर असल्यामुळे त्या खांबावरची छिन्नीची खूणसुद्धा मोठी करून पाहता येते.

आता दुसरी बाजू. हात स्थिर झाला म्हणून समोरचे पोर स्थिर होत नाही! घरगुती फोटोंत निम्मे फोटो पळणाऱ्या मुलांचे असतात, आणि जगभरच्या समीक्षकांनी ह्या कॅमेऱ्याला बोल लावला तो नेमका इथेच. चेहरा, डोळा, पक्षी, मोटार हे सारे तो ओळखतो, पण ओळखलेले धरून ठेवण्यात तो सोनी किंवा कॅनन ह्यांच्या बरोबरीचा नाही. कंपनीने मागाहून कॅमेऱ्याच्या आतली प्रणाली सुधारून दिली, पण सवंगडी पुढे आहेत ते आहेतच. ज्याला मुलांचे क्रिकेट, शाळेतली धावण्याची शर्यत किंवा उल्हास नदीवरचे उडते बगळे टिपायचे आहेत, त्याने साधारण त्याच वर्गातला, २०२१ साली आलेला सोनीचा ए-७ ४ आधी पाहावा. तो शंभर ग्रॅम जड आहे, त्याची भिंगे मोठी आणि महाग, पण सेन्सर मोठा असल्यामुळे कमी उजेडाच्या सभागृहातही त्याचा फोटो अधिक स्वच्छ येतो. शाळेचे स्नेहसंमेलन हाच ज्यांचा मुख्य सण, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

निःशब्द शटरचेही असेच. बटण दाबले तरी आवाज होत नाही, ही सोय मुंजीत, कीर्तनात, गाण्याच्या बैठकीत मोठीच. पण तेव्हा हा सेन्सर दृश्य एकदम न वाचता वरून खाली ओळीओळीने वाचतो, आणि ह्या वाचनाला वेळ लागतो. शहाडच्या फलाटावर उभे राहून न थांबता धडधडत जाणारी मेल अशा रीतीने टिपली, तर डबे तिरके होऊन जणू वाऱ्याने कलले आहेत असे दिसतात. काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. अशा ठिकाणी नेहमीचे यांत्रिक शटर वापरावे. त्याचा आवाज तसा सौम्यच आहे.

चार कोटी बिंदू हे वरदान आहे तसे लचांडही आहे. न दाबलेली एक कच्ची फाइल ऐंशी एमबीच्या वर जाते. रविवारी तीनशे फोटो काढले तर हिशेब तुम्हीच करा. घरातला पाच वर्षांचा जुना संगणक अशा फायली उघडताना धापा टाकतो, आणि मग कॅमेऱ्यापाठोपाठ संगणकही दारात उभा राहतो. भिंगाचेही तसेच. बॉडीबरोबर स्वस्तात मिळणारे १८-५५ हे भिंग गुणी आहे, पण कंपनीनेच जी भिंगे ह्या सेन्सरला पुरी पडतात म्हणून जाहीर केली, त्या यादीत ते नाही. शिवाय बॉडी पावसापाण्याच्या शिंतोड्यांना दाद देत नाही, पण हे भिंग देते! आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत काय असते, ते सांगायला नको. कवच आहे पण शिरस्त्राण नाही, अशातली गत.

बॅटरीला कंपनी सुमारे ५८० फोटोंचा हिशेब देते. आरशाच्या निकॉन डी-७५०० ला तोच हिशेब ९५० चा होता. कारण उघड आहे : आरशातून पाहायला वीज लागत नाही, पडद्यातून पाहायला लागते. लग्नाला गेलात तर दुसरी बॅटरी खिशात हवी. मागचा पडदा वर, खाली आणि एका बाजूला कलतो, पण पूर्ण उलटा होऊन पुढे येत नाही. म्हणून स्वतःचेच चित्रण करणाऱ्यांनी दुसरे घर शोधावे. आरसा नसल्यामुळे भिंग बदलताना धूळ थेट सेन्सरपर्यंत पोचते, तेव्हा भिंग रस्त्यात किंवा फलाटावर बदलू नये. आणि पावसाळ्यात कॅमेरा कातड्याच्या पिशवीत घालून कपाटात कोंडला, तर भिंगाला बुरशी धरते. डाळ ठेवायचा हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यावर काम भागते. डबा मात्र सूनबाईंना विचारून घ्यावा.

ह्या सगळ्या उण्याअधिकाची बेरीज करीत असताना भाच्याने कपाटातून एक वस्तू काढली. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या मेहुण्यांनी, ऐंशी सालच्या सुमारास एक रशियन झेनिट कॅमेरा घेतला होता. मेहुणे गेले, कॅमेऱ्याचे शटरही गेले, पण त्यावरचे हेलिओस भिंग, ५८ मिलीमीटरचे, सुस्थितीत होते. आरसा गेल्यामुळे भिंग आणि सेन्सर ह्यांच्यातले अंतर फार कमी झाले आहे, आणि त्या मोकळ्या जागेत एक धातूचे कडे बसवले की जुन्या कॅमेऱ्यांची बहुतेक भिंगे ह्या नव्या बॉडीवर चढतात. कडे हजार-दीड हजारांना मिळते. कॅमेऱ्याला आधी 'भिंग नसतानाही फोटो काढ' असे याद्यांत जाऊन सांगावे लागते, नाहीतर तो रुसून बसतो. ५८ हा आकडाही सांगून ठेवावा, म्हणजे थरथर मारण्याचे काम तो नीट करतो. नेम मात्र हाताने धरायचा. जिथे रेखीव आहे तिथे पडद्यावर रंगीत कडा उमटतात, त्यामुळे साठीतल्या डोळ्यांनाही ते जमते.

आमची आई शहाऐंशी वर्षांची आहे. फोन समोर धरला की ती पदर नीट करते, ओठ घट्ट मिटते आणि तिचा चेहरा रेशनकार्डावरच्यासारखा होतो. त्या दिवशी संध्याकाळी ती गॅलरीत मेथी निवडत बसली होती. भाचा समोर जमिनीवर बसला, कॅमेरा मांडीवर ठेवला, पडदा वर कलता केला आणि जुन्या पेटी कॅमेऱ्यात बघावे तसा खाली बघत राहिला. दहा मिनिटांनी आईने विचारले, "अरे, काढणार आहेस की नुसता बघणार आहेस?" तेव्हा सतरा फोटो काढून झाले होते. त्यांतला एक, काडी तोडताना तिने वर पाहिले तेव्हाचा, आम्ही कल्याणला जाऊन बारा बाय अठरा इंचांचा छापून आणला. एवढ्या सेन्सरचा फोटो, इंचाला तीनशे बिंदू धरले तरी, पंचवीस बाय सतरा इंचांपर्यंत निर्मळ छापला जातो. आमची मागणी त्याहून लहान होती. कडा थोड्या मऊ आहेत, कारण भिंग जुने आहे. हातावरच्या शिरा आणि मेथीचे पान मात्र मोजून घ्यावे असे. मेहुण्यांच्या भिंगातून त्यांच्या सासूबाईंचा फोटो निघाला, हे सूनबाईंच्याच आधी लक्षात आले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

हाच फोटो फोनने निघाला नसता का? व्हॉट्सॲपवर पाठवायचा असता, तर निघाला असता आणि कुणाला फरकही कळला नसता. फोनच्या तळहाताएवढ्या पडद्यावर फोटो पाहून झाला की ज्यांचे काम संपते, त्यांनी पावणेदोन लाखांच्या वाटेला जाऊ नये. छापून भिंतीवर लावायचे असेल, अंधाऱ्या मंडपात उभे राहायचे असेल, आणि चकत्या फिरवण्यात ज्याला सुख वाटत असेल, त्याने जावे. त्यातही मधली वाट आहे. २०२४ साली ह्याच सेन्सरचा एक्स-टी ५० आला. तो शंभरएक ग्रॅमने हलका, पण त्याला पाण्याचे कवच नाही, कार्डही एकच बसते. २०२० चा एक्स-टी ४ कुणी जपून वापरलेला मिळाला, तर दोन कोटी साठ लाख बिंदू सामान्य घराला पुरून उरतात.

भाच्याच्या घरी शेवटी निकाल सूनबाईंनी दिला. कॅमेरा घ्यायचा, पण हप्त्याने नाही. भिंग एकच घ्यायचे, ३५ मिलीमीटरचे, १७० ग्रॅमचे, पावसात चालणारे. पुढचे भिंग दोन वर्षे मागायचे नाही. आणि दर महिन्याला एक तरी फोटो छापून घरात आला पाहिजे. ज्या महिन्यात आला नाही, त्या महिन्यात कॅमेरा मुलीच्या ताब्यात. मुलगी आतापासूनच महिने मोजते आहे.

एका बाबतीत मी भर घातली. ह्या कॅमेऱ्यात दोन कार्डे बसतात आणि एकाच वेळी दोहोंवर तोच फोटो उतरवता येतो. तसा तो उतरवावाच, पण तेवढ्यावर विसंबू नये. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरात आली तेव्हा आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाचे तीन अल्बम चिखल होऊन गेले. लग्न, बारसे, आजोबांची साठी, सगळे. वाचली ती पोटमाळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यातली निगेटिव्हे, आणि त्यांवरून निम्मे फोटो पुन्हा छापता आले. काळ्या डबीला निगेटिव्ह नसते. म्हणून एक डबी घरी, आणि तिची हुबेहूब दुसरी प्रत बदलापूरला भाच्याच्या बहिणीकडे, असे ठरले आहे. नदी तीच आहे, पण तिचा मजला पाचवा आहे.